ध्रुवाजवळच्या तीस-चाळीस माणसांसाठी समुद्राखालून केबल कशाला?

पुण्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहातल्या न्यू-ओलेसुन्द गावात, जिथे भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे, हिवाळ्यात जेमतेम तीस-चाळीस माणसं राहतात. तरीही तिथे समुद्राखालून फायबर केबल नेली आहे, तीही एक नव्हे, दोन. आता उपग्रहावरून इंटरनेट मिळतं, मग एवढा खर्च कशासाठी? बर्फाच्या समुद्रात ती टिकते कशी? आणि हिवाळ्यात तुटली तर दुरुस्त कोण करतं?

समुद्री केबलच्या देखभाल-दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि हा प्रश्न मला मनापासून आवडला. या क्षेत्राबाहेरचे बहुतेक लोक ‘केबल कशी टाकतात’ एवढंच विचारतात. खरी मेख टाकण्यात नसतेच, ती शेवटच्या प्रश्नात आहे. तिकडे जाण्याआधी उपग्रहाचं पाहू.

आपल्याकडे घराच्या गच्चीवर डिश लावतात ती आकाशात वर तोंड करून. ती ज्या भूस्थिर, म्हणजे आकाशात कायम एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहांकडे पाहते ते विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. मुंबईहून असा उपग्रह आकाशात चांगला उंचावर दिसतो. जसजसं उत्तरेला जावं तसतसा तो क्षितिजाकडे सरकतो. स्वालबार्डचं मुख्य गाव लॉन्गयिअरब्येन ७८ अंश उत्तरेला आहे. तिथून तो क्षितिजाच्या जेमतेम ३ अंश वर असतो, न्यू-ओलेसुन्दहून अडीच अंशांच्याही किंचित खाली. समोर एखादा डोंगर आला की संपलं, आणि स्वालबार्डमध्ये डोंगरांना तोटा नाही. ८१ अंशांच्या थोडं पुढे गेलं की भूस्थिर उपग्रह दिसायचाच बंद होतो. जो दिसतो त्याचा सिग्नल वातावरणाच्या लांबलचक थरातून तिरका येतो, म्हणून क्षीण आणि चंचल असतो. शिवाय एवढं अंतर जाऊन उत्तर परत यायला अर्धा सेकंद जातो.

२००४ पर्यंत स्वालबार्डचा मुख्य भूमीशी संपर्क याच पद्धतीने चालायचा. गावकऱ्यांच्या फोनला तो पुरत होता. अडचण आली ती वेगळ्याच कामामुळे.

लॉन्गयिअरब्येनच्या वरच्या पठारावर, प्लाटोबर्गेटवर, १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘स्वालसॅट’ हे उपग्रहांचं भूस्थानक सुरू झालं. हवामानाचे आणि भूनिरीक्षणाचे बरेचसे उपग्रह ध्रुवावरून ध्रुवावर फिरतात. त्यांची एक फेरी साधारण १०० मिनिटांची, म्हणजे दिवसाला १४ फेऱ्या. पृथ्वी खाली फिरत असल्याने मुंबईसारख्या ठिकाणाला त्यातल्या मोजक्याच दिसतात. ७८ अंशांवरून मात्र प्रत्येक फेरी दिसते. उपग्रह डोक्यावरून जातो तेव्हा दहा-बारा मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात त्याने मागच्या फेरीत साठवलेलं सगळं खाली ओतायचं असतं. जगाच्या पाठीवर या कामाला याहून चांगली माणसांची वस्ती सापडणं कठीण. म्हणून आज त्या पठारावर शंभराहून अधिक अँटेना आहेत.

पण पठारावर उतरलेली माहिती पुढे न्यायची कशी? ती पुन्हा दुसऱ्या उपग्रहावर चढवून मुख्य भूमीकडे पाठवायची तर सगळा ओघ एका अरुंद नळीत येऊन अडकतो. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांच्या नव्या पिढीला हे परवडणारं नव्हतं. शेवटी नॉर्वेच्या अंतराळ केंद्राने पुढाकार घेतला, नासा आणि अमेरिकेचा हवामान उपग्रह कार्यक्रम यांनी आर्थिक भार उचलला, आणि २००३ च्या उन्हाळ्यात केबल टाकली गेली. जानेवारी २००४ पासून ती अधिकृतपणे सेवेत आली. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या हार्स्टाड भागातून लॉन्गयिअरब्येनजवळच्या होटेलनेसेटपर्यंत दोन स्वतंत्र केबल, प्रत्येकी साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास, प्रत्येकीत फायबरच्या आठ जोड्या.

म्हणून तीस माणसांसाठी केबल हे गणितच मुळात तसं मांडता येत नाही. युरोपचे ‘मेटॉप’ हवामान उपग्रह दर फेरीला आपली माहिती स्वालबार्डला उतरवतात. ती याच केबलने बाहेर पडते आणि काही तासांत जगभरच्या हवामान प्रारूपांमध्ये शिरते. भारतातही पूर्वानुमानाच्या प्रारूपांत ध्रुवीय उपग्रहांची निरीक्षणं वापरली जातात. सांगली-सोलापूरच्या शेतकऱ्याला पावसाचा जो अंदाज ऐकायला मिळतो त्याच्या पोटात उत्तरेकडच्या त्या समुद्राच्या तळावरून आलेले आकडेही असतात. पूर्वानुमानासाठी उशिरा आलेलं निरीक्षण जवळजवळ निरुपयोगी असतं, म्हणून इथे वेगाला किंमत आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे हे सगळं समुद्री अंतर तो सात मिलिसेकंदांत पार करतो.

आता न्यू-ओलेसुन्द. ते लॉन्गयिअरब्येनच्याही वायव्येला, ७९ अंशांच्या उंबरठ्यावर. मूळचं कोळसा खाणीचं गाव. १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ कामगार गेले, खाण बंद पडली आणि पुढे गाव संशोधनाकडे वळलं. तिथे नॉर्वे, जर्मनी-फ्रान्स, ब्रिटन, इटली, जपान, दक्षिण कोरिया, चीन, नेदरलँड्स अशा देशांची केंद्रं आहेत. भारताचं ‘हिमाद्री’ १ जुलै २००८ ला सुरू झालं आणि ते गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालवलं जातं. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी मोहीम तिथे गेली. तिच्या पहिल्या तुकडीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचाही सहभाग होता, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

या गावाची एक गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही. तिथे वायफाय चालत नाही. ब्लूटूथ नाही, मोबाइलचं नेटवर्क नाही. गावाभोवती २० किलोमीटरच्या परिसरात २ ते ३२ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात परवानगीशिवाय काहीही प्रक्षेपित करायला मनाई आहे. कारण तिथे नॉर्वेच्या भूमापन विभागाची भूगणितीय वेधशाळा आहे. तिच्या मोठ्या अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या क्वेसारांचे, म्हणजे आकाशगंगांच्या अतितेजस्वी केंद्रांचे, रेडिओ संकेत टिपतात. तेच संकेत जगातल्या इतर वेधशाळाही त्याच क्षणी टिपतात आणि ते कोणाकडे किती आधी पोचले त्या फरकावरून पृथ्वीचं फिरणं, अक्षाचं डोलणं, भूखंडांचं सरकणं मिलिमीटरच्या पातळीवर मोजलं जातं. उपग्रहांच्या कक्षा आणि समुद्रपातळीची वाढ ज्या संदर्भचौकटीत मोजतात ती अशा वेधशाळांवर उभी आहे. त्या संकेतांपुढे खिशातला फोन म्हणजे कानाशी वाजणारा ढोल.

या वेधशाळेला भरपूर माहिती पाठवायची असते. पूर्वी ती डिस्कवर साठवून, डिस्क पेटीत घालून, विमानाने रवाना व्हायची. २०१४-१५ मध्ये लॉन्गयिअरब्येन ते न्यू-ओलेसुन्द अशा दोन केबल समुद्रातून टाकल्या, प्रत्येकी सुमारे २५० किलोमीटर. एवढं अंतर दोन टोकांच्या ताकदवान लेझरवर निभावतं, वाटेत प्रकाश पुन्हा उजळवणारे रिपीटर लागत नाहीत. त्यामुळे समुद्रात वीजपुरवठा नाही आणि बिघडू शकणारी एक मोठी गोष्ट कमी झाली.

म्हणून ‘आता उपग्रहाचं इंटरनेट आहे की’ हे उत्तर न्यू-ओलेसुन्दला तरी लागू पडत नाही. पृथ्वीलगत फिरणाऱ्या उपग्रहांचे जथे आता ध्रुवांवरूनही जातात, तीन अंशांची अडचण त्यांना नाही, विलंबही कमी. ऑगस्ट २०२४ मध्ये नॉर्वेने खास उत्तर ध्रुवासाठी लांबट कक्षेतले दोन उपग्रहही सोडले. जहाजांना, तंबूतल्या संशोधकांना, बचावपथकांना त्यांनी फार मोठा आधार दिला आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण या सेवांच्या लहरी नेमक्या त्या मनाईच्या पट्ट्यात येतात. रेडिओच्या बाबतीत मुकं राहणं हीच ज्या गावाची उपयुक्तता, त्याला जगाशी जोडायला तारेशिवाय दुसरा मार्ग उरत नाही.

बर्फाचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि इथे ‘आर्क्टिक’ असं सरसकट म्हणून चालत नाही. स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याला अटलांटिकचा उबदार प्रवाह येऊन भिडतो. त्यामुळे तो समुद्र इतक्या उत्तरेला असूनही हिवाळ्यात बहुधा मोकळा असतो. हजारो मैल पूर्व-पश्चिम कुठेही जा, या अक्षांशावर असा मोकळा समुद्र दिसत नाही. केबल टाकणं शक्य झालं त्याचं मोठं श्रेय या प्रवाहाला आहे. पण मोकळ्या समुद्रात मासे असतात आणि माशांमागे ट्रॉलर येतात. नॉर्वेच्या उत्तरेचा बॅरेंट्स समुद्र कॉड माशासाठी प्रसिद्ध आहे. ट्रॉलरचं जाळं तोंड उघडं ठेवण्यासाठी लोखंडी दरवाजे तळावरून ओढत नेतं. एकेका दरवाजाचं वजन काही टन. जगभरात समुद्री केबलला वर्षाला दीडशे-दोनशे बिघाड होतात आणि त्यातले बहुसंख्य मासेमारी आणि नांगरांमुळे होतात. मुंबईच्या वर्सोव्याला येणाऱ्या केबलची काळजी घेणाऱ्यांची डोकेदुखी आणि स्वालबार्डच्या केबलची डोकेदुखी या बाबतीत एकच आहे. म्हणून मासेमारीच्या पट्ट्यात स्वालबार्डची केबल तळ नांगरून सुमारे दोन मीटर खाली पुरली आहे. खोल समुद्रात ती तशीच तळावर पडून असते. तिथे ती जाडीला आपल्या अंगठ्याएवढी, उथळ पाण्यात पोलादी तारांचं चिलखत चढवून मनगटाएवढी.

अलास्काच्या उत्तरेचा बोफोर्ट समुद्र याच्या अगदी उलट. तिथे ट्रॉलरची भीती नाही, बर्फाची आहे. वाऱ्याने बर्फाचे तक्ते एकमेकांवर चढतात, त्यांचे ढिगारे होतात आणि ढिगाऱ्यांचं बूड पाण्याखाली कित्येक मीटर जातं. उथळ समुद्रात ते बूड तळाला टेकतं आणि वारा ढकलेल तसं तळ खरवडत जातं. नांगरटीसारखे चर पडतात, काही किलोमीटर लांबीचे. तुम्ही केबल किती खोल पुरायची हे ठरवताना जुने चर मोजता, त्यांच्या खोलीचा हिशेब मांडता. पण पुढचं बूड मागच्या चरांचा हिशेब पाहून येत नाही.

आता हाताशी दोन घटना आहेत. त्या शेजारी ठेवून पाहाव्यात, कारण मला जे सांगायचं आहे ते त्यांच्यात आहे.

७ जानेवारी २०२२ च्या पहाटे स्वालबार्डच्या दोनांपैकी एका केबलचा वीजपुरवठा बिघडला. लांबच्या केबलमध्ये वाटेत रिपीटर असतात, फिकट होत जाणारा प्रकाश पुन्हा उजळवणारे. स्वालबार्डच्या एकेका केबलवर ते साधारण वीस आहेत. त्यांना वीज लागते आणि ती किनाऱ्यावरून, फायबरभोवतीच्या तांब्याच्या नळीतून, हजारो व्होल्टच्या दाबाने दिली जाते. नळीवरचं प्लास्टिकचं आवरण फाटून तांबं समुद्राच्या पाण्याला लागलं की वीज तिथेच पाण्यात उतरते. स्वालबार्डला तेच झालं होतं. जागा शोधायची ती विजेच्याच हिशेबाने. किलोमीटरला साधारण एक ओहम रोध, रिपीटरमागे ठरावीक व्होल्ट, मग दोन्ही टोकांकडून मोजून बिघाड कुठे असेल याचा अंदाज करतात. सुरुवातीचा अंदाज निघाला लॉन्गयिअरब्येनपासून १३० ते २३० किलोमीटरच्या दरम्यान. शंभर किलोमीटरचा पट्टा, आणि नेमका तिथे तळ ३०० मीटरवरून २,७०० मीटरपर्यंत उतरतो. नॉर्वेच्या पोलिसांनी माणसाच्या हातून नुकसान झालं असावं असं म्हटलं, ट्रॉलरच्या फेऱ्यांची वृत्तपत्रांत बरीच चर्चा झाली, पण पुराव्याअभावी तपास थांबला. दुरुस्ती त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात झाली.

या सगळ्या काळात लॉन्गयिअरब्येनच्या माणसांचं काय बिघडलं? काहीच नाही. स्वालसॅटच्या ग्राहकांचं? काहीच नाही. सगळी वाहतूक दुसऱ्या केबलवरून चालली. बातमी झाली ती ‘आता एकच उरली’ या काळजीची.

दुसरी घटना अलास्काची. तिथे नोमपासून प्रूडो बेपर्यंत क्विंटिलियन कंपनीची सुमारे १,९०० किलोमीटरची केबल डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. कोट्झेब्यू, पॉइंट होप, वेनराइट, उत्कियाग्विक या किनाऱ्यावरच्या वस्त्यांना ती जोडते. उत्कियाग्विकला पूर्वी बॅरो म्हणत. वातावरणातल्या कार्बन डायऑक्साइडची अखंड नोंद ठेवणारी अमेरिकेची एक वेधशाळा तिथे १९७३ पासून आहे. ११ जून २०२३ ला ऑलिकटॉक पॉइंटजवळ बर्फाने तळ खरवडला आणि केबल तुटली. केबल एकच होती. दुरुस्तीचं जहाज लगेच जाऊ शकत नव्हतं, कारण ज्या बर्फाने केबल तोडली तोच वाट अडवून बसला होता. सेवा पूर्ववत व्हायला सप्टेंबर उजाडला. तोवर दवाखाने, शाळा, बँका, विमानतळ उपग्रहाच्या तात्पुरत्या जोडण्यांवर तगून राहिले. आणि १८ जानेवारी २०२५ ला त्याच भागात केबल पुन्हा तुटली, ऐन हिवाळ्यात. त्या वेळी दुरुस्तीसाठी उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत थांबावं लागेल हे पहिल्याच आठवड्यात उघड होतं.

मी कोणाला दोष देत नाही. त्या किनाऱ्यावर केबल नेणं हेच मोठं धाडस होतं आणि त्या वस्त्यांना तिने खूप काही दिलं. पण दोन्ही उदाहरणांत केबल निकामी झाली. एका ठिकाणी लोकांना ते बातमीतून कळलं, दुसऱ्या ठिकाणी तीन महिने आयुष्य अडलं. फरक केबलच्या मजबुतीत नव्हता, दुसऱ्या वाटेत होता. माझं ठाम मत आहे की आर्क्टिकमध्ये पहिली केबल टाकण्याचा निर्णय घेताना दुसरीचा पैसा बाजूला काढलेला नसेल तर ते काम अर्धवट आहे, कारण तिथे बिघाड दुरुस्त करण्याचा काळ आपल्या हातात नसतो. अरबी समुद्रात पावसाळ्यात दुरुस्ती अडते, पण ती आठवड्यांची गोष्ट. बोफोर्ट समुद्रात ती महिन्यांची असते.

आणि दुसरी वाट म्हणजे खरोखर वेगळी वाट. एकाच चरात, एकाच किनाऱ्यावर, एकाच इमारतीत येणाऱ्या दोन केबल कागदावर दोन असतात. स्वालबार्डच्या दोन केबल समुद्रात एकमेकींपासून दूर ठेवल्या आहेत, हे त्या वेळच्या अभियंत्यांचं शहाणपण. तरी दोन्हींची टोकं शेवटी त्याच परिसरात येतात, त्यामुळे तिसऱ्या वाटेची गरज उरतेच.

ऐन हिवाळ्यात दुरुस्ती कोण करतं, असंही तुम्ही विचारलंत. जहाज पाठवायचं म्हटलं तर ते महिनोन्‌महिने आधीपासून ठरलेल्या करारांनी एखाद्या बंदरात उभं असतं, सुटी केबल त्या बंदराच्या गोदामात टाक्यांत गुंडाळून ठेवलेली असते. जहाज जागेवर पोचलं की आकड्यांचा एक लोखंडी पंजा तळावरून केबलला काटकोनात ओढतात. खोल पाण्यात केबल अखंड वर येत नाही, ताणाने तुटेल, म्हणून आधी ती तळावरच कापतात. एक टोक वर घेऊन तपासतात, चांगलं निघालं की त्याला बोया बांधून सोडतात. मग दुसरं टोक. खराब तुकडा काढून त्या जागी सुटी केबल जोडतात. फायबरचा एकेक तंतू केसाएवढा, त्यांचं सांधणं, त्यावर आवरण ओतणं, क्ष-किरणांनी तपासणं यात एका जोडाला अर्धा-पाऊण दिवस सहज जातो. एवढा वेळ जहाजाने लाटांत एकाच जागी उभं राहायचं असतं. मशिनं ते करतात, पण लाटा ठरावीक उंचीच्या वर गेल्या की कप्तान काम थांबवतो आणि त्याला थांबवावंच लागतं, कारण मागच्या डेकवर माणसं ताणलेल्या केबलजवळ काम करत असतात. जानेवारीत ७८ अंशांवर चोवीस तास अंधार, वादळं, फवारा लोखंडावर पडताच गोठतो. समुद्र मोकळा असला तरी अशा वेळी, दुसरी केबल चालू असताना, मी तरी माणसं पाठवणार नाही. दुसरी वाट असण्याचा हा फायदा हिशेबात कुणी धरत नाही: ती दुरुस्ती करणाऱ्यांना थांबण्याची मुभा देते.

केबलने अलीकडे एक नवं कामही हाती घेतलं आहे आणि मला त्याचं मनस्वी अप्रूप आहे. २०२० च्या उन्हाळ्यात नॉर्वेच्या संशोधकांनी लॉन्गयिअरब्येन-न्यू-ओलेसुन्द केबलमधला एक रिकामा तंतू घेतला आणि त्यात एका टोकाने लेझरच्या स्पंदांचा मारा केला. काचेतल्या सूक्ष्म दोषांवरून थोडा थोडा प्रकाश परत येतो. समुद्रात आवाज झाला की तंतू अतिसूक्ष्म ताणला जातो आणि परतणाऱ्या प्रकाशात तो ताण उमटतो. अशा रीतीने सुमारे १२० किलोमीटर केबल ओळीने मांडलेल्या हजारो कानांसारखी वापरता आली. तिने देवमाशांच्या हाका ऐकल्या, जहाजं ऐकली, भूकंप नोंदवले, दूरच्या वादळांच्या लाटाही टिपल्या. देवमासा कुठे आहे, कोणत्या दिशेने चालला आहे हेही सांगता येऊ लागलं. जिथे बर्फ हटतोय आणि जहाजं वाढताहेत त्या समुद्रात याचं मोल मोठं आहे. आणि देखभालीच्या माणसाच्या नजरेतून सांगतो: ट्रॉलरचा दरवाजा केबलकडे येतोय हे केबलनेच आधी कळवलं तर माझं अर्धं काम वाचलं.

पुढची मोठी योजना ‘आर्क्टिक वे’ नावाची आहे. सध्याच्या स्वालबार्ड केबल २५ वर्षांच्या आयुष्याच्या हिशेबाने बांधलेल्या, म्हणजे त्यांची मुदत या दशकाच्या अखेरीस संपते. नॉर्वेची सरकारी कंपनी स्पेस नॉर्वे बूदोपासून यान मायेन बेटामार्गे स्वालबार्डला नवी केबल नेत आहे, २०२८ च्या आसपासचा बेत आहे. यान मायेनवर मूठभर कर्मचारी राहतात, हवामान केंद्र आहे, युरोपच्या दिशादर्शन उपग्रहांची उपकरणं आहेत. पुन्हा तेच गणित. मला विशेष आनंद आहे तो वाटेचा. ही केबल पश्चिमेच्या समुद्रातून वळसा घेऊन येते, जुन्यांपेक्षा अगदी वेगळ्या मार्गाने. ध्रुवावरूनच युरोप-आशिया जोडण्याच्या कल्पनाही चर्चेत आहेत, नॉर्डिक देशांच्या संशोधन जाळ्याची ‘पोलर कनेक्ट’ त्यातली एक. कायम बर्फाखालच्या समुद्रात तुटलेली केबल वर कशी घ्यायची याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही, त्यामुळे त्यावर मी घाईने मत देणार नाही.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही ‘हिमाद्री’ला उपकरण लावण्याचा विचार करताय असं दिसतं. माहिती घरी येण्याचे तिथे दोन प्रकार आहेत. न्यू-ओलेसुन्दसमोरच्या कॉंग्सफ्योर्ड या खाडीत जुलै २०१४ मध्ये भारताने ‘इंडआर्क’ ही पाण्याखालची वेधशाळा १९२ मीटर खोलीवर नांगरली. तिच्यासारखी उपकरणं नोंदी स्वतःपाशी ठेवतात, वर काढल्यावरच त्या हाती येतात. त्याच फ्योर्डमध्ये जर्मन-फ्रेंच केंद्राची किनाऱ्याला तारेने जोडलेली पाण्याखालची वेधशाळा २०१२ पासून आहे. तिचे आकडे युरोपात बसून त्याच घडीला पाहता येतात, भर हिवाळ्यात उपकरणाची सेटिंगही बदलता येते. दोन्हींची गरज आहे. जे हिवाळ्याच्या काळोखात बिघडलं तर ताबडतोब कळायला हवं ते तारेवर ठेवा.

तारेवर ठेवलंत तरी उपकरणाशेजारी साठवण हवीच. नोंद आधी स्थानिक डिस्कवर, मग केबलवरून पुण्याला किंवा वास्कोला, आणि पोचल्याची खात्री झाल्याशिवाय मूळ नोंद पुसायची नाही. किती दिवसांची साठवण, हे ठरवताना केबलचा वेग पाहू नका. दुरुस्तीचं जहाज तिथे पोचायला वाईटात वाईट किती महिने लागतील ते धरा. उपकरणात वायफाय किंवा ब्लूटूथची चिप असेल तर ती निघण्यापूर्वी भारतातच बंद करून, बंद झाल्याचं मोजून घ्या. सेन्सरच्या स्वस्त सर्किट बोर्डांमध्ये ती बहुतेक वेळा न सांगता असते आणि तिथे पोचल्यावर परवानगीअभावी अख्खं उपकरण खोक्यातच राहू शकतं. लॅपटॉपला नेटवर्कच्या तारेचं (इथरनेटचं) भोक नसेल तर त्याचा जोड सोबत न्या. एक नको, दोन न्या.